बारावीनंतरचा उंबरठा

बारावीचा निकाल लागला की शाळेच्या फलकावर गुणवंतांची नावे लागतात, पेढे वाटले जातात, विश्वस्त मंडळी शाबासकी देतात. हे सर्व योग्यच आहे. पण त्यानंतरचा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. यांतील प्रत्येक मूल ऑगस्ट महिन्यात कोठे असेल? ज्या घरात आई-वडील, काका किंवा मावशी कॉलेजात शिकलेली आहेत, तेथे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. ज्या घरातून कॉलेजात जाणारे हे पहिलेच मूल आहे, तेथे निकालाच्या दिवशी आनंद असतो आणि दुसऱ्या दिवसापासून गोंधळ सुरू होतो. फॉर्म कोठला, तो कधी भरायचा, कोणते दाखले लागतात, फी किती आणि ती आणायची कोठून?

या विषयावर पालक नेहमी विचारतात, म्हणून हा लेखप्रपंच. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: गरीब घरातील होतकरू मूल परीक्षेत जितके अडत नाही तितके ते निकाल आणि प्रवेश यांच्यामधील दोन-तीन महिन्यांत अडते. तेथे त्याला अडवणाऱ्या गोष्टी दिसायला लहान असतात. एखादा कागद, एखादी तारीख, एखादी पहिली रक्कम. या तिन्ही गोष्टींची तयारी आधीपासून करता येते, आणि ती करणे हे एकट्या मुलाचे काम नाही.

आकडे काय सांगतात

केंद्र शासन दरवर्षाच्या उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण प्रसिद्ध करते. त्याच्या २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणे १८ ते २३ वर्षे वयाच्या लोकसंख्येशी तुलना करता उच्च शिक्षणात नाव नोंदवलेल्यांचे प्रमाण २८.४ टक्के आहे. म्हणजे या वयाची शंभर मुले-मुली धरली, तर साधारण अठ्ठावीस जण कॉलेजात आहेत. अनुसूचित जातींमध्ये हेच प्रमाण २५.९ आणि अनुसूचित जमातींमध्ये २१.२ आहे. मुली मात्र मागे नाहीत. त्यांचे प्रमाण २८.५ असून मुलांपेक्षा किंचित अधिकच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सन २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे असेल तर जी नवी मुले येतील ती प्रामुख्याने अशाच घरांतून यायला हवीत, जेथे अजून कोणी कॉलेज पाहिलेले नाही.

कायद्याने उघडलेली दारे

पालकांना आरक्षण हा शब्द माहीत असतो, पण त्यामागील क्रम माहीत नसतो. म्हणून तो येथे संक्षेपाने देतो.

राज्यघटना लागू झाल्यानंतर लगेच मद्रास प्रांतातील कॉलेज-प्रवेशाचे जातवार वाटप न्यायालयाने रद्द केले. त्यावर १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५ मध्ये चौथे उपकलम आले. सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासलेले वर्ग, तसेच अनुसूचित जाती व जमाती यांच्यासाठी शासनाला खास तरतूद करता येईल, असे ते सांगते. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने पाचवे उपकलम आले व खासगी शिक्षणसंस्थांतील प्रवेशालाही हा अधिकार लागू झाला. २००६ च्या कायद्याने केंद्राच्या संस्थांमध्ये इतर मागास वर्गांना २७ टक्के जागा मिळाल्या. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मान्य केला, मात्र उन्नत गट, म्हणजे ज्याला आपण क्रीमी लेयर म्हणतो तो, वगळण्यास सांगितले. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने, वरील कोणत्याही आरक्षणात न येणाऱ्या पण आर्थिकदृष्ट्या दुर्बल अशा घटकांना १० टक्क्यांपर्यंत जागा देण्याची तरतूद झाली. तीही न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कायम केली.

केंद्राच्या संस्थांत आज अनुसूचित जातींना १५, अनुसूचित जमातींना ७.५, इतर मागास वर्गांना २७ आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के जागा आहेत. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी २०१६ च्या कायद्याप्रमाणे किमान ५ टक्के जागा ठेवाव्या लागतात. राज्याच्या महाविद्यालयांत हे प्रमाण वेगळे असते. आपल्या मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींना २० व अनुसूचित जातींना १६ टक्के जागा आहेत, कारण येथील लोकसंख्येची रचना वेगळी आहे.

तेव्हा दारे उघडी आहेत. पण दार उघडे असणे आणि मूल आत पोहोचणे यांत अंतर आहे. ते किती कमी असू शकते आणि तरीही किती अवघड ठरू शकते, हे पुढील घटनेवरून कळेल.

साडेसतरा हजार रुपये

उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला २०२४ साली धनबादच्या आयआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची जागा मिळाली. मुलगा अनुसूचित जातीचा. ही परीक्षा देण्याची त्याची शेवटची संधी होती. जागा राखण्यासाठी २४ जून रोजी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत १७,५०० रुपये भरायचे होते. घरच्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून पैसे जमवले. ते हाती आले तेव्हा वेळ संपायला मोजकी मिनिटे उरली होती. ऑनलाइन व्यवहार पूर्ण होण्याआधी पोर्टल बंद झाले आणि जागा गेली.

त्यानंतर त्या कुटुंबाने अनुसूचित जाती आयोग, झारखंड, मद्रास अशी दारे ठोठावली. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने घटनेच्या कलम १४२ खालील आपला विशेष अधिकार वापरून त्याला त्याच तुकडीत प्रवेश देण्याचा आदेश दिला. २०२१ साली मुंबई आयआयटीच्या एका विद्यार्थ्याची जागाही फी भरताना आलेल्या तांत्रिक अडचणीमुळे गेली होती व तीसुद्धा सर्वोच्च न्यायालयानेच परत मिळवून दिली.

पालकांनी येथे एका गोष्टीचा विचार करावा. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते. इतरांपैकी ज्यांच्या घरचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत आहे त्यांनाही ते पूर्ण माफ असते आणि एक ते पाच लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफ असते. म्हणजे ज्या मुलाला चार वर्षांचे शिक्षण शुल्क द्यायचेच नव्हते, त्याचा प्रवेश पहिल्या दिवशीच्या १७,५०० रुपयांवर अडला. जवळजवळ सर्व योजनांची रचना अशीच आहे. मदत नंतर येते, पैसे आधी भरावे लागतात. श्रीमंत घरात हा फरक जाणवतही नाही. रोजंदारीच्या घरात त्यावर मुलाचे आयुष्य ठरते. आणि प्रत्येकाला दिल्लीपर्यंत जाता येत नाही.

कागदांचा प्रश्न आणि आपला समाज

कागदांच्या बाबतीत आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजाची अडचण थोडी निराळी आहे. आपले पूर्वज कोणी होळकरांच्या लष्कराबरोबर इंदुरास आले, कोणी कारकुनीसाठी, कोणी कापडगिरण्यांत कामाला. नातेवाईक आजही सातारा, नगर, जळगाव, अकोला येथे आहेत. त्यामुळे कित्येक पालकांना वाटते की गावाकडील चुलत भावाच्या जातीच्या दाखल्यावर येथे काम भागेल. तसे होत नाही.

अनुसूचित जाती, जमाती व मागास वर्ग यांच्या याद्या प्रत्येक राज्याच्या वेगळ्या आहेत. १९९० साली मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या व्यक्तीला नव्या राज्यात त्या सवलती आपोआप मिळत नाहीत. म्हणून मध्य प्रदेशात दाखला काढताना कुटुंब येथे केव्हापासून आहे हे दाखवावे लागते. अनुसूचित जाती व जमातींसाठी १९५० पासूनचा आणि इतर मागास वर्गांसाठी १९८४ पासूनचा येथील रहिवासाचा पुरावा मागतात.

आता १९५० चा पुरावा मजुराच्या घरात कोठून असणार? घर भाड्याचे, जमीन नाही, पावत्या पुरात किंवा घर बदलताना गेलेल्या. अशा वेळी उपयोगी पडते ती शाळा. आपल्या शाळेची जुनी स्कॉलर रजिस्टरे स्वातंत्र्याच्या आधीपासून जपून ठेवलेली आहेत. त्यांत विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख आणि राहण्याचे ठिकाण यांची नोंद आहे. आजोबा किंवा पणजोबा आपल्या शाळेत शिकले असतील, तर त्या नोंदीचा प्रमाणित उतारा कार्यालयातून मिळतो. आजोबा दुसऱ्या एखाद्या जुन्या शाळेत शिकले असतील तर तेथेही अर्ज करावा. ही रजिस्टरे म्हणजे कपाटातील जुनी रद्दी नव्हे. कित्येक कुटुंबांचा या शहरावरील हक्क त्यांत लिहिलेला आहे, असे आम्ही विश्वस्तांनाही नेहमी सांगतो.

बौद्ध कुटुंबांसाठी एक सूचना. १९५६ साली धम्माचा स्वीकार केलेल्या कुटुंबांना प्रारंभी अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नव्हत्या. १९९० च्या दुरुस्तीने त्या मिळू लागल्या. परंतु शाळेच्या नोंदीत कोठे केवळ 'बौद्ध' असते तर कोठे केवळ मूळ जात असते. दाखल्यासाठी धर्म आणि मूळ जात या दोन्हींचा मेळ दाखवावा लागतो. तेव्हा हे काम शेवटच्या महिन्यावर ठेवू नये.

दुसरी अडचण नावाची. आपल्यात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी तीन नावे लिहिण्याची रीत आहे. येथील हिंदी फॉर्मात पित्याचे नाव वेगळ्या रकान्यात असते. मग आधार कार्डावर तीन नावे, अंकसूचीवर दोन, बँकेच्या खात्यावर आद्याक्षरे, आणि आडनाव कोठे शिंदे तर कोठे सिंदे. संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात आणि शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो. मध्य प्रदेश मंडळाचे नामांकन नववीत होते. तेथे जे नाव जाईल तेच पुढे दहावी-बारावीच्या अंकसूचीवर येते. म्हणून नावाची दुरुस्ती आठवीतच करून घ्यावी.

तिसरी गोष्ट मुदतीची. जातीचा दाखला एकदा काढला की चालतो, पण इतर मागास वर्गाचा उन्नत गटात नसल्याचा दाखला आणि आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला यांचे तसे नाही. आयआयटीसारख्या प्रवेशात हे दोन्ही दाखले त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेले असावे लागतात. शिवाय केंद्राचा नमुना आणि राज्याचा नमुना वेगळा असतो, मागास वर्गांची यादीही केंद्राची वेगळी आणि राज्याची वेगळी. लोक सेवा केंद्रात अर्ज देताना कोणता नमुना हवा ते स्पष्ट सांगावे आणि पावती जपून ठेवावी. मध्य प्रदेशात २०१० च्या लोक सेवा हमी कायद्याने दाखला देण्याची मुदत ठरलेली आहे. ती उलटली तर अपील करता येते.

पैसे कोठून येतात

योजना पुष्कळ आहेत. त्यांतील आपल्या मुलांच्या कामाच्या येथे देतो. रकमा व अटी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी त्या वर्षीची सूचना पोर्टलवर पाहावी.

१. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. अकरावीपासून पुढील शिक्षणासाठी. केंद्राच्या साहाय्याने अनुसूचित जातींसाठी चालणाऱ्या योजनेत पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते.

२. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना. २०१७ पासून. मंडळाच्या बारावीत ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ टक्के गुण असल्यास आणि उत्पन्न मर्यादेत असल्यास शिक्षण शुल्क राज्य शासन भरते. इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतील क्रमांक लागतो. जात कोणतीही असली तरी चालते.

३. मुख्यमंत्री जनकल्याण शिक्षा प्रोत्साहन योजना. २०१८ पासून. असंघटित कामगार म्हणून नोंदणी झालेल्या आई-वडिलांच्या मुलांसाठी. धुणीभांडी, बांधकाम, हातगाडी, हमाली करणाऱ्या पालकांनी आपली नोंदणी आहे का ते अवश्य पाहावे.

४. मुलींसाठी गाव की बेटी आणि प्रतिभा किरण. पहिली खेड्यातील शाळेतून प्रथम श्रेणीत बारावी झालेल्या मुलींसाठी, दुसरी शहरातील दारिद्र्यरेषेखालील घरांतील मुलींसाठी. साधारण पदवीसाठी दरमहा ५०० रुपये, वर्षातून दहा महिने.

५. आवास सहायता. घरापासून दूर भाड्याने राहणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर व उज्जैन येथे दरमहा २,००० रुपयांपर्यंत.

६. केंद्राची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती. देशात दरवर्षी ८२,००० नव्या विद्यार्थ्यांना मिळते. मंडळाच्या निकालात वरच्या वीस टक्क्यांत असणाऱ्या व घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असणाऱ्यांना पदवीसाठी वर्षाला १२,००० रुपये. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर.

७. शैक्षणिक कर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण किंवा जामीन न देता कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे.

या सर्वांसाठी विद्यार्थ्याचे स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते आणि समग्र आयडी लागते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे कोणत्याही महाविद्यालयाने मुलाची मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे अडकवून ठेवता कामा नयेत. ती पाहून परत द्यायची असतात. अधिक चांगल्या जागी प्रवेश मिळाला की पालक कागद अडकल्याच्या भीतीने गप्प बसतात. तसे बसू नये.

भाषेचे ओझे

आमचे स्वतःचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून हा विषय आम्हांला जवळचा आहे. नीट आणि जेईई मेन या परीक्षा आज तेरा भाषांत होतात व त्यांत मराठी आहे. हे ऐकून काही पालक आनंदाने विचारायला येतात. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. इंदूरच्या केंद्रावर आपल्या मुलाला हिंदी किंवा इंग्रजी निवडावी लागते. फॉर्म भरताना हे ठाऊक असलेले बरे.

मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके काढली. तो चांगला आधार आहे. तरीही बहुतेक कॉलेजांत पुस्तके व व्याख्याने इंग्रजीतच असतात. मातृभाषेत विषय नीट समजलेले मूल इंग्रजी शब्दांनी दबून जाते आणि आपल्यालाच काही येत नाही असे समजू लागते. खरे तर त्याला विषय येत असतो, शब्द येत नसतात. यावर आमचा उपाय साधा आहे. नववीपासून विज्ञानाच्या वहीत प्रत्येक पारिभाषिक शब्दाशेजारी इंग्रजी शब्द लिहावा: त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम. रोज तीन शब्द लिहिले तरी चार वर्षांत कॉलेजच्या पुस्तकाची भीती उरत नाही.

आत गेल्यावर टिकणे

प्रवेश मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये शासनाने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे, मागील पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी व आयआयएम यांतून अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास वर्गांतील मिळून १३,६०० हून अधिक विद्यार्थी बाहेर पडले. शासनाचे म्हणणे असे की यांतील पुष्कळ दुसऱ्या अभ्यासक्रमाला किंवा संस्थेला गेले. तसे असेलही. पण एकटेपणा, भाषा आणि महिन्याचा खर्च यांनी खचलेली मुलेही त्यांत असणार.

हे आपल्या थोर माणसांनी फार पूर्वी ओळखले होते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. त्यांचे साताऱ्याचे कॉलेज १९४७ चे, म्हणजे वसतिगृहानंतर तेवीस वर्षांनी. गरीब मुलाला आधी राहण्याची जागा, दोन वेळचे जेवण आणि सोबत लागते, मग वर्ग, हे त्यांना माहीत होते.

मधला माणूस

इंदुरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर महू आहे. तेथे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे इंटरनंतर शिक्षण पैशावाचून अडण्याची वेळ आली. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांची सयाजीराव गायकवाड महाराजांशी गाठ घालून दिली. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, त्यावर बी.ए. झाले. पुढे १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर, ते कोलंबिया विद्यापीठात गेले. याच बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या मिळवल्या. १९४४ साली सुरू झालेली ती योजना म्हणजेच आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती.

मूल हुशार होते, महाराज उदार होते. पण दोघांची गाठ घालून देणारा एक मधला माणूस लागला, आणि तो एक शिक्षक होता. आज महाराजांच्या जागी शासनाच्या योजना आहेत. मधल्या माणसाची जागा मात्र बहुतेक ठिकाणी रिकामी आहे. ती भरण्यासाठी आमच्या काही सूचना आहेत.

विश्वस्त मंडळाला विनंती की शाळेत 'पहिल्या फीचा निधी' सुरू करावा. एका मुलामागे वीस हजार धरले तर पाच मुलांसाठी एक लाख रुपये पुरतात. शिष्यवृत्ती जमा झाली की रक्कम परत यावी आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाला मिळावी. हे दान नव्हे, काही महिन्यांची उसनवारी आहे. दुसरे, एप्रिल ते ऑगस्ट एका शिक्षकाकडे प्रवेश-मार्गदर्शनाचेच काम द्यावे आणि संगणक कक्ष सुटीतही उघडा ठेवावा. तिसरे, स्कॉलर रजिस्टरांची नीट बांधणी करून त्यांची छायाप्रत तयार ठेवावी.

माजी विद्यार्थ्यांना विनंती की प्रत्येकाने एका मुलाचा हात पहिल्या वर्षापुरता धरावा. पुण्यात, भोपाळात, बंगळुरूत जे कोणी असतील त्यांनी नव्या मुलाला स्टेशनवर घ्यायला जावे, खोली पाहून द्यावी, महिन्यातून एकदा जेवायला बोलवावे.

पालकांना सांगणे इतकेच की कागद घेऊन शाळेत येण्यात संकोच नसावा. फॉर्म कळत नाही म्हणून कोणी तुम्हांला हसणार नाही. मुलीचे गुण चांगले असतील तर स्थळ पाहण्याआधी तिचा फॉर्म भरावा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी ही इयत्तावार यादी वहीच्या पहिल्या पानावर उतरून घ्या.

आठवी: सर्व कागदांवर नाव व जन्मतारीख एकसारखी करून घेणे. शासकीय, अनुदानित व स्थानिक संस्थांच्या शाळांतील मुलांनी राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता शिष्यवृत्तीची परीक्षा देणे. तिच्यात नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

नववी: मूल निवासी व जातीचा दाखला काढणे. बँक खाते आधारशी जोडणे. शब्दांची वही सुरू करणे.

अकरावी: कोणत्या अभ्यासक्रमाला कोणती परीक्षा लागते याची यादी करून शिक्षकांना दाखवणे.

बारावी: एप्रिलमध्ये मुदतीचे दाखले नव्याने काढणे. प्रत्येक फॉर्मची शेवटची तारीख घरातील कॅलेंडरवर लाल शाईने लिहिणे आणि काम त्याच्या तीन दिवस आधी पूर्ण करणे. पहिल्या फीची रक्कम प्रवेश-यादी लागण्यापूर्वीच खात्यात असणे.

ज्यांना यांतील कोणतीही गोष्ट अडेल, त्यांनी मधल्या सुटीत कार्यालयात यावे. जुन्या रजिस्टरातील नोंद शोधायची असेल तर आजोबांचे पूर्ण नाव आणि ते शाळेत असल्याचे अंदाजे साल घेऊन यावे. शोधायला वेळ लागतो, म्हणून शक्य तितक्या लवकर यावे.